अंग बाहेर येतंय: रिंग बसवायची की पिशवी काढायची?

दिवसभर वाकून कापूस वेचायचा, संध्याकाळी चाऱ्याचा भारा डोक्यावर घ्यायचा. खान्देशातल्या कितीतरी बाया अंग, म्हणजे गर्भाशय किंवा शेजारचा अवयव, योनीतून बाहेर येत असतानाही हे सगळं करत राहतात आणि घरात कुणाला सांगत नाहीत. शेवटी दवाखाना गाठला की बऱ्याचदा कानावर पडतं, "पिशवी (गर्भाशय) काढून टाका." लगेच हो म्हणू नका.

आधी तपासणी नीट होऊ द्या. हे निदान सोनोग्राफीच्या कागदावर होत नाही. डॉक्टर खोकायला, जोर करायला लावून बघतात की खाली काय उतरतंय, पुढून लघवीची पिशवी, मागून गुदाशय की गर्भाशय. झोपल्यावर अंग आत जातं, म्हणून आडवं तपासून काही दिसलं नाही तर "मला उभं करून बघा" असं सांगा.

अंग योनीच्या तोंडापर्यंतच येत असेल, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधी करावेत. शिकवणारं कुणी हवं आणि निदान चार महिने तरी नेमाने करायला हवेत. फार बाहेर आलेलं अंग मात्र त्याने आत जात नाही.

रिंग म्हणजे योनीत बसवून अंग वर धरून ठेवणारी कडी. ती बहुधा सिलिकॉनची असते, ओपीडीतच बसवतात, भूल लागत नाही. वय झालेलं असेल, बीपी-शुगर असेल, अजून मूल हवं असेल किंवा हंगाम संपेपर्यंत थांबायचं असेल, तर मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते. पण तीन ते सहा महिन्यांनी काढून, धुऊन, आतली कातडी तपासावी लागते. बसवून विसरलेली रिंग आत जखम करते. तालुक्याला जायला एस.टी.ची सोय नसेल तर घरीच काढघाल शिकून घ्या.

ऑपरेशन जास्त टिकतं, तरी अंग पुन्हा उतरू शकतं. नंतर साधारण सहा आठवडे हंडा-भारा उचलायचा नाही. घरात ते काम कोण करणार, हे आधी ठरवा. तरुण बाईची पिशवी न काढता वर बांधता येते. मुंबईच्या शिरोडकर, पुरंदरे या डॉक्टरांच्या पद्धती त्यासाठीच आहेत. योनीमार्गातून आधारासाठी कृत्रिम जाळी बसवणार असतील तर दुसरं मत घ्या. अमेरिकेत २०१९ साली तिची विक्री थांबवायला लावली.

धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभाग आहे. पिशवी काढायचं ठरलंच, तर सर्जनला विचारा, "काढल्यावर योनीचं वरचं टोक कशाला बांधणार?" सैल झालेला आधार नुसती पिशवी काढून घट्ट होत नाही.