मीका की केड: पाया कोणाचा पक्का?
सप्टेंबर 2022, लास वेगास. एडीसीसी या ग्रॅपलिंगच्या (पकडी आणि कुलपांच्या कुस्तीच्या) मोठ्या स्पर्धेत, 77 किलोच्या अंतिम लढतीत 19 वर्षांच्या केड रुओटोलोने मीका गॅल्वाओला हील हूकवर, म्हणजे टाच पिळून गुडघ्यावर ताण आणणाऱ्या पकडीत, टॅप करायला (हार मानायला) लावलं. निकाल केडचा, तरी पाया बघायचा तर माझं मत मीकाला. ब्राझीलमधल्या मनाउसचा हा पोरगा गी (जुजुत्सूचा जाड कापडी पोशाख) घालूनही तितकाच भारी. गार्ड, म्हणजे खाली असलेल्याने पायांनी केलेला बचाव, ओलांडताना घाई नाही. वजन आधी समोरच्याच्या कमरेवर, मग खांद्यावर, आणि हात सुटा दिसला की आर्मबार, म्हणजे कोपर ताणणारी पकड. केडची खरी मजा झटापटीत, तिथे तो अडचणीतूनही पकड काढतो. पण असं खेळायला दमसास लागतो, नवशिक्याने नक्कल करू नये. 2024 मध्ये एडीसीसीत तोच वजनगट मीकाने जिंकला. अर्थात केड तिथे नव्हताच. त्याच सुमारास क्रेग जोन्स इन्व्हिटेशनल या दुसऱ्या स्पर्धेत केडने दहा लाख डॉलर खिशात घातले.