टेक्निका मॅक १ एमव्ही: गुलमर्गला निघालेल्या पुणेकरांसाठी

मध्यम रुंदीच्या पावलाला हा स्की-बूट उत्तम. २६.५ मापात याची रुंदी १०० मि.मी.; चवडा रुंद असेल तर याचीच १०३ ची एचव्ही आवृत्ती बघा, अरुंद असेल तर ९८ ची एलव्ही.

स्की-बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. २६ आणि २६.५ ला बाहेरचं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या मापावर डोकं शिणवू नका. लायनर, म्हणजे आतला मऊ अस्तर-बूट, काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा पुरे. जास्त असेल तर टाच उचलते, मग बकलं करकचून आवळली जातात आणि पाऊल बधिर होतं. लायनरसह ताठ उभं राहिल्यावर अंगठा टेकावा, गुडघे वाकवताच सुटावा. दुकानात सैल वाटणारा बूट पुढे आणखी सैल होतो, कारण लायनर दबतो. घट्ट जागा तापवून, कवच थोडं फुगवून मोकळी करता येते; मोठा बूट लहान होत नाही.

मोजा एकच, पातळ. ट्रेकचे जाड लोकरी मोजे घरीच ठेवा.

फ्लेक्स, म्हणजे पुढे वाकताना बुटाचा कडकपणा, मात्र पुण्याच्या उकाड्यात जोखू नका, थंडीत प्लास्टिक कडक होतं. मध्यम वजनाच्या, बऱ्यापैकी सराव असलेल्याला १०० फ्लेक्स पुरतो. १३० घेण्याची हौस नवख्यांनी करू नये.