हत्तरसंग-कुडल की माचणूर? सोलापुरातून सायकलवर

रविवारी सायकलवर भीमेकाठी जायचंय, पण कुठे, असं एकानं विचारलं. दोन्हीकडे एका बाजूचे साधारण चाळीस किलोमीटर, त्यामुळे अंतरावर काही ठरत नाही.

रस्ता: माचणूरला मंगळवेढा रोड, तिऱ्हे, कामती, बेगमपूर. चहा-नाश्त्याची चिंता नाही, पण ट्रक अंगावरून जातात. कुडलला विजापूर हायवे सोडला की शांतता. मात्र बाभळीचे काटे आहेत, आणि पाऊस झाला असेल तर काळी माती मडगार्डात अशी बसते की चाकच फिरत नाही. काडीनं उकरत बसा!

बघायला: इथे कुडल सरस. सीना-भीमेचा संगम, संगमेश्वर मंदिरातला इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग. एकेक मुख नीट पाहायचं तर तासभर हवाच. माचणूरला सिद्धेश्वराचं मंदिर, औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला आणि ऐसपैस घाट.

सोबत पोरं असतील किंवा पहिलीच लांब फेरी असेल तर माचणूर. परतायला एसटीही मिळते. पंक्चर स्वतः काढता येत असेल आणि जुन्या दगडांत रमत असाल तर कुडल, तेही दिवाळीनंतर.