सीवीडच्या कॅनमध्ये मळी आणि लपवलेले बीएपी: कोल्हापुरातल्या टिश्यू कल्चर लॅबसाठी सावधगिरीची सूचना

आडसाली उसाची रोपे जून-जुलैत द्यायची, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये लॅबला फुटव्यांची घाई असते. नेमका तेव्हाच विक्रेता ५ लिटरचा कॅन घेऊन दारात येतो. ‘शुद्ध सीवीड (समुद्री शेवाळ) अर्क, लिटरला २ मिली घाला, बीएपी हे फुटवे आणणारे हॉर्मोन लागतच नाही,’ असे सांगतो आणि दोन जार पुढे ठेवतो. एकात दोन-तीन फुटवे, दुसऱ्यात गच्च झुपका. कोल्हापूर भागातल्या ऊस आणि केळीच्या लॅब या दोन जारांना भुलल्या आहेत. पहिला जार हॉर्मोन न घातलेल्या एमएस मीडियाचा (रोपे वाढवायच्या पोषक माध्यमाचा) असतो. तुलना व्हायला हवी ती रोजच्या बीएपीच्या मीडियाशी, आणि तीच टाळली जाते.

समुद्री शेवाळाच्या अर्कात नैसर्गिक सायटोकायनिन, म्हणजे बीएपीच्याच जातीचे हॉर्मोन, असतात हे खरे. पण लिटरला २ मिली अर्कातून केळीला लागणाऱ्या २ ते ५ मिलिग्रॅम बीएपीचे काम होत नाही. तसे होत असेल तर कॅनमध्येच बीएपी घातलेले आहे असे समजावे. लेबलवर ते नसते, त्यामुळे लॅब स्वतःचे बीएपीही चालू ठेवते आणि मात्रा दुप्पट होते. पहिली दोन सबकल्चर (फुटवे नव्या मीडियावर हलवण्याच्या फेऱ्या) डोळ्यांत भरतात. तिसऱ्यात उसाचे फुटवे गवतासारखे बारीक होतात, पाने काचेसारखी ओलसर आणि ठिसूळ दिसतात. मुळांच्या मीडियात टाकल्यावर मुळे फुटतच नाहीत, कारण फुटव्यांत साठलेले सायटोकायनिन मुळांना अडवते. एक फेरी ३ ते ४ आठवड्यांची. तीन फेऱ्या वाया गेल्या की हंगाम गेला.

तपासायचे असे: आधी फुटवे एक पूर्ण फेरी हॉर्मोन नसलेल्या मीडियावर ठेवा, नाहीतर त्यांच्या अंगातले जुने बीएपीच निकाल देईल. मग चार प्रकार लावा: नुसता एमएस, एमएस आणि अर्क, एमएस आणि बीएपी, एमएस आणि बीएपी-अर्क. प्रत्येकी किमान २० जार, तेही दोन सबकल्चरपर्यंत. नुसत्या अर्काने बीएपीइतकाच झुपका आला, तर कॅनचा नमुना एचपीएलसी या रासायनिक तपासणीला पाठवा. हा खर्च वाचवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी भेसळ आपल्याच जिल्ह्यात मुबलक असलेल्या मळीची (मोलॅसिसची). रंग तोच, चिकटपणाही तोच, माशासारखा वास वरून आणता येतो. अर्क ५० पट पातळ करून त्याचे ८-१० थेंब ५ मिली बेनेडिक्ट द्रावणात (साखर ओळखायच्या निळ्या द्रावणात) टाका आणि उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवा. ठळक विटकरी रंग आला तर साखर आहे. तपकिरी शेवाळातले मॅनिटॉल असा रंग देत नाही. मळीसोबत जिवाणूंचे बीजाणूही येतात. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) १२१ अंशांवर पूर्ण २० मिनिटे चालला नाही, तर आठवडाभरात बुडाशी दुधट कडे दिसते आणि दोष लॅमिनार फ्लोवर (निर्जंतुक हवेच्या कपाटावर) बसतो.

सीवीड म्हणून येणाऱ्या काळ्या चकचकीत चकत्या म्हणजे बऱ्याचदा पोटॅशियम ह्युमेट, लिग्नाइट कोळशातून काढलेला क्षार. १ टक्का द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब घालून सामू (पीएच) १.५ च्या आसपास आणा. काळा भुसभुशीत गाळ खाली बसला तर ह्युमेट. तपकिरी शेवाळातले अल्जिनेटही आम्लात वेगळे होते, पण ते बुळबुळीत जेलीसारखे.

लेबलही नीट वाचा. ‘कोकण किनाऱ्यावरचे अ‍ॅस्कोफायलम’ लिहिले असेल तर ते खोटे आहे. हे शेवाळ उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातले. कोकणात सरगॅसम मिळते. ‘कप्पाफायकस’च्या कॅनवर लॅमिनारिन आणि अल्जिनिक अ‍ॅसिड छापले असेल तर तेही तसेच: कप्पाफायकस लाल शेवाळ आहे, त्यात कॅराजिनन असते. छापलेली ती दोन्ही द्रव्ये तपकिरी शेवाळाची.

मात्र प्रत्येक बिघाडाला भेसळ म्हणू नये. पोटॅश अल्कलीने काढलेला अस्सल अर्कही बराच अल्कधर्मी असतो. सामू ५.८ ला लावल्यानंतर तो ओतला, तर सामू वर चढतो, कॅल्शियम आणि फॉस्फेट खाली बसतात आणि मीडिया गढूळ होतो. आधी अर्क, मग सामू, मग अगर (मीडिया घट्ट करणारी पूड), हा क्रम ठेवावा.

जैवउत्तेजके (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये) २०२१ च्या दुरुस्तीने खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली आली आहेत, त्यात सीवीड अर्कही येतो. म्हणून विक्रेत्याकडे नोंदणीची प्रत मागा आणि पक्के बिल घ्या. पैसे बँकेतूनच द्या, बॅच नंबरचा फोटो ठेवा. कॅन वापरायला घेण्याआधी दोन साक्षीदारांसमोर २५० मिलीचा नमुना सीलबंद करा. तक्रार तालुक्याच्या खत निरीक्षकाकडे द्यावी. ग्राहक आयोगात जाण्याआधी वकिलाला विचारा: व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी तिथे सहसा बसत नाही, स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला मात्र सवलत आहे.