निरपेक्ष की सापेक्ष? माण-जतमध्ये गरिबी मोजायला बसण्याआधी

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माण, खटाव, आटपाडी किंवा जतमधल्या एखाद्या गावात गरीब घरं किती आणि कोणती, हे शोधायचं काम तुमच्याकडे आलं असेल. एम.ए.चा प्रकल्प असेल, मंडळाची शिष्यवृत्ती असेल, नाहीतर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा. प्रश्नावली छापायला टाकण्याआधी एक गोष्ट पक्की करा: गरीब कोणाला म्हणायचं? ज्याचं पोटापुरतंही भागत नाही त्याला, की गावातल्या चारचौघांच्या फार मागे राहिलेल्याला? पहिलं निरपेक्ष दारिद्र्य, दुसरं सापेक्ष. अकरावीच्या पुस्तकात हे दोन परिच्छेदांत उरकतं. पण पाहणीनंतर मदत कोणाच्या दारात जाते आणि कोणाच्या दारावरून पुढे निघून जाते, ते याच निवडीवर ठरतं.

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडे नुसती सापेक्ष रेषा कधीच वापरू नये. नुसती निरपेक्ष वापरली तर जत-माणमध्ये बऱ्यापैकी काम भागतं, पण वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यात तिला अर्धंच दिसतं.

निरपेक्ष रेषेची आपल्याकडची परंपरा मोठी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा पुण्याच्या गोखले संस्थेत घडला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2250 उष्मांक (कॅलरी) हा आधार धरला आणि तेवढं अन्न मिळवणाऱ्या कुटुंबाचा एकूण खर्च किती होतो ते पाहिलं. 1960-61 च्या किमतींना खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, अशी रेषा निघाली. 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या अलघ गटाने खेड्यासाठी 2400 आणि शहरासाठी 2100 उष्मांक धरले. तेंडुलकर समितीने 2009 मध्ये उष्मांकांचा थेट आधार सोडून शिक्षण आणि दवाखान्याचा खर्चही हिशोबात घेतला. त्या पद्धतीने 2011-12 साठी महाराष्ट्राची रेषा खेड्यात 967 आणि शहरात 1126 रुपये होती, माणशी, महिन्याला. 2014 मध्ये रंगराजन समितीने देशपातळीवर खेड्यासाठी 972 आणि शहरासाठी 1407 रुपये सुचवले, पण सरकारने ती रेषा अधिकृत केली नाही. त्यामुळे रुपयांतली शेवटची अधिकृत रेषा अजून 2011-12 चीच आहे. ती वापरायची तर महागाईप्रमाणे वाढवून घ्या. 967 चा आकडा जसाच्या तसा लावलात तर तुमच्या पाहणीत गरीब जवळपास सापडणारच नाहीत, आणि कोणीतरी तोच कागद दाखवून सांगेल की गावात गरिबी उरली नाही.

निरपेक्ष रेषेचा मोठा गुण म्हणजे ती आपल्या जागी ठाम असते. यंदाची आणि पाच वर्षांपूर्वीची, जतची आणि झारखंडची तुलना तिच्यावर करता येते. जागतिक बँक विकसनशील देशांची तुलना अशाच रेषेवर करते. जून 2025 पासून ती रेषा माणशी रोज 3 डॉलर आहे, 2021 च्या क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या-त्या देशात पैशात किती वस्तू येतात त्या हिशोबाने. हा डॉलर बाजारभावाचा नव्हे, म्हणून बँकेच्या दराने गुणून घाबरू नका. रुपयांत तो आकडा रोजच्या साठीच्या आसपास येतो. या रेषेखाली 2022-23 मध्ये भारतातले 5.3 टक्के लोक होते. रेषा 4.20 डॉलरवर नेली की हेच प्रमाण जवळपास 24 टक्के होतं. मधल्या सव्वा डॉलरच्या पट्टीत देशातला जवळजवळ पाचवा हिस्सा उभा आहे. म्हणून एकाच रेषेवर कधी विसंबू नका. ती वीस टक्के वर आणि वीस टक्के खाली सरकवून पाहा. यादी फारशी बदलली नाही तर निर्धास्त राहा. बदलली, तर त्या मधल्या घरांकडे पुन्हा जा.

आता सापेक्ष रेषा. ब्रिटनच्या पीटर टाउनसेंड यांनी हा विचार नीट मांडला: आपल्या समाजात सर्रास चालणारं राहणीमान ज्याला परवडत नाही, तो गरीब. युरोपीय संघ देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या 60 टक्क्यांखालच्यांना दारिद्र्याच्या धोक्यात धरतो, ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना 50 टक्के धरते. मध्यक म्हणजे सगळी घरं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं घर. आपल्याकडे या विचाराची गरज नाही असं मुळीच नाही. गावच्या यात्रेची वर्गणी, भाचीच्या लग्नातला आहेर, पोरीचा कॉलेजचा एसटी पास, मोबाइलचा रिचार्ज यांचे उष्मांक निघत नाहीत. पण वर्गणी न देणारं घर यात्रेच्या बैठकीत तोंड उघडत नाही आणि मोबाइल नसलेल्या मुलीला परीक्षेचा फॉर्म कधी निघाला ते कळत नाही.

तरीही नुसती सापेक्ष रेषा का नको, ते एका हिशोबावर पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण कागदावर मांडून बघा. आटपाडीकडच्या एका वस्तीत पाच घरं आहेत, सगळी सारख्याच माणसांची. माणशी मासिक खर्च 1500, 2000, 3000, 4000 आणि 9000 रुपये. मध्यक 3000, त्याचे 60 टक्के 1800. सापेक्ष रेषेखाली एक घर. निरपेक्ष रेषाही 1800 धरली, तर तिच्याखालीही एकच.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. टँकर सुरू झाले, जनावरं छावणीत गेली. खर्च आले 1000, 1400, 1600, 2000 आणि 6000 वर. मध्यक 1600, सापेक्ष रेषा 960. एकही घर तिच्याखाली नाही! माणसं अर्धपोटी आणि अहवालात गरिबी शून्य. निरपेक्ष रेषा मात्र 1800 वरच आहे आणि तिच्याखाली तीन घरं दिसतात.

समजा दुष्काळ पडलाच नाही, उलट टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं. दोन-तीन घरांनी डाळिंब लावलं आणि खर्च झाले 1500, 2200, 5000, 7000 आणि 14000. मध्यक 5000, सापेक्ष रेषा 3000, तिच्याखाली दोन घरं. कोणाचंच काही कमी झालं नाही, तरी सापेक्ष गरिबी वाढली. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पाणी येऊनही 1500 वालं घर होतं तिथेच आहे, म्हणजे बहुधा त्याला जमीन नाही. त्याच्या आजूबाजूला जमिनीचे भाव, मजुरी, लग्नाचा खर्च सगळं बदललं. ऊसपट्ट्यात नुसती निरपेक्ष रेषा आंधळी ठरते ती इथे: हे घर आधीही एकटंच रेषेखाली होतं आणि आताही एकटंच आहे, म्हणून अहवालात काहीच घडलेलं दिसत नाही.

दोन्हींना जोडणारा एक मार्ग आहे, मिश्र रेषा, आणि मला तोच सगळ्यात पटतो. जागतिक बँकेने 2018 मध्ये सामाजिक दारिद्र्यरेषा मांडली: 1 डॉलर अधिक मध्यकाचा निम्मा, पण 1.90 डॉलर या तेव्हाच्या निरपेक्ष रेषेच्या खाली कधीच नाही. यामागे मार्टिन रॅव्हॅलियन आणि शाओहुआ चेन यांचा विचार आहे. चारचौघांत उभं राहण्याचा खर्च समाजाबरोबर वाढतो, पण समाज गरीब झाला म्हणून तो शून्यावर येत नाही. आपल्या पाच घरांना हे लावू. 1 डॉलर हा 1.90 च्या साधारण निम्मा, तसे आपण 1800 चे निम्मे 900 धरू: 900 अधिक मध्यकाचा निम्मा, पण 1800 च्या खाली नाही. साध्या वर्षी रेषा 2400, खाली दोन घरं. दुष्काळात हिशोब 1700 येतो म्हणून 1800 धरायचे, खाली तीन घरं. पाणी आल्यावर 3400, खाली दोन. तिन्ही आकडे वस्तीवर राहणाऱ्या माणसाला पटतील असे आहेत.

मध्यक मात्र कुठला घ्यायचा ते आधी लिहून ठेवा. गावाचा घेतलात तर जतच्या गरीब गावातले गरीब दिसेनासे होतात. देशाचा घेतलात तर मिरजेत कोणाला काय लागतं हे त्यात येत नाही. मी जिल्ह्याचा घेईन, कारण पोरं कॉलेजला, बाया दवाखान्यात आणि माल बाजारात जातो तो जिल्ह्यातच. आणि एकदा घेतला की निकाल पाहून बदलायचा नाही.

बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाबद्दल थोडक्यात. पैशाऐवजी तो आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मोजतो. नीती आयोगाच्या निर्देशांकात 12 निकष आहेत. भारांकाच्या, म्हणजे प्रत्येक निकषाला दिलेल्या वजनाच्या हिशोबाने त्यांतल्या एक तृतीयांश किंवा जास्त गोष्टींची वानवा असेल, तर ते घर गरीब. 2015-16 ते 2019-21 या काळात महाराष्ट्राचं प्रमाण जवळपास 15 वरून 7.81 टक्क्यांवर आलं. ग्रामपंचायतीच्या आराखड्याला हा उत्तम, कारण शाळा, चूल, संडास, पाणी यांतलं नेमकं काय कमी आहे ते लगेच कळतं. शिष्यवृत्तीसाठी तेवढा कामाचा नाही. घरात गॅस आणि बँक खातं आलं म्हणून कॉलेजची फी भरता येत नाही.

कोणतीही रेषा निवडा, आकडा कधी आणि कसा घेता यावर तिचं खरंखोटं ठरतं. जतकडची ऊसतोडणीची कुटुंबं पहा. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतली जाते. त्या महिन्यात घरात किराणा भरतो, देणी फिटतात, पोरांना कपडे येतात. तेव्हा खर्च विचारला तर घर रेषेच्या चांगलंच वर दिसेल. प्रत्यक्षात ते पुढच्या पाच-सहा महिन्यांची मजुरी आधीच खाऊन बसलंय. दिवाळीनंतर गेलात तर दाराला कुलूप, घर यादीतच नाही. कारखान्याच्या गावात पाहणी करणाराही तोडणी मजुरांच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) जात नाही, कारण ती माणसं त्या गावची नव्हेत. त्यामुळे ही कुटुंबं दोन्हीकडून सुटतात. त्यांच्यासाठी पाहणी हंगाम संपून माणसं परतल्यावर, उन्हाळ्यात करा आणि उचल किती, फेडायची किती राहिली हे वेगळं विचारा.

घरची ज्वारी, घरचं दूध आणि रेशनचं फुकट धान्यही खर्चात धरा. 2023-24 च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण भागाचा सरासरी मासिक खर्च माणशी 4122 रुपये होता. सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली की तो 4247 झाला. सरासरीला हा फरक किरकोळ, पण रेषेच्या काठावरच्या घराला तो आत-बाहेर करू शकतो.

तयार यादीचा मोह होईल, तो टाळा. पिवळं कार्ड 15 हजार वार्षिक उत्पन्नापर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, या मर्यादा फार जुन्या आहेत. कार्डाचा रंग पाहून शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या यादीत वर्षानुवर्षं तीच घरं राहतात आणि नव्याने वेगळं झालेलं धाकट्या भावाचं घर येतच नाही. वस्तूंवरून केलेली पारखही अशीच शिळी होते. 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेत दुचाकी असलेलं घर आपोआप बाद होत असे. पाटणच्या डोंगरात जिथे दिवसातून एखादीच एसटी जाते, तिथे जुनी दुचाकी मजुरीला जायचं साधन आहे. ग्रामीण घरकुल योजनेतून ही अट निघायला 2024 उजाडलं.

आणखी एक खबरदारी. किती घरं रेषेखाली, एवढंच मोजलं तर मदत रेषेच्या जरा खाली असलेल्यांना देण्याचा मोह होतो, कारण ती घरं पटकन वर येतात आणि अहवाल छान दिसतो. प्रत्येक घर रेषेपासून किती रुपयांनी खाली आहे ते लिहा आणि सगळ्यात खोल असलेल्यापासून सुरुवात करा.

तेव्हा निवड अशी करा. शिष्यवृत्ती किंवा थेट मदत असेल तर माण, जत, आटपाडी, कवठेमहांकाळमध्ये महागाईप्रमाणे वाढवलेली निरपेक्ष रेषा घ्या. वाळवा, पलूस, कराडमध्ये मिश्र रेषा घ्या. गावाचा आराखडा असेल तर बहुआयामी निकष घ्या. प्रबंध लिहायचा असेल तर निरपेक्ष आणि मिश्र दोन्ही, म्हणजे त्यांच्यातल्या फरकावरही लिहिता येईल. आणि प्रश्नावलीत ‘गरीब आहे का, हो/नाही’ असा रकाना ठेवू नका. तेल, किराणा, दवाखाना, शाळा, देणं यांचे रुपये लिहून घ्या आणि घरात माणसं किती तेही. आकडे हाताशी असले तर रेषा उद्याही बदलून काढता येते. हो-नाहीचा रकाना भरून आणलात तर त्याच घरांना पुन्हा जावं लागेल.