खदानीसाठी घेतलेले सुरक्षा साहित्य : चार महिन्यांच्या वापरानंतर

जालना तालुक्यातील आमच्या दगडखदानीवर आणि खडी क्रशरवर मिळून २४ माणसे कामाला आहेत. त्यांच्यासाठी फेब्रुवारीत एका दुकानातून हेल्मेट, बूट आणि धुळीचे मास्क घेतले.

हेल्मेटबद्दल तक्रार नाही. आयएस २९२५ हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि उत्पादनाचा महिना आतल्या बाजूस स्पष्ट उमटवलेला आहे. वरून दगड आल्यास धक्का पट्ट्यांनी सोसावा, डोक्यापर्यंत पोहोचू नये, म्हणून पट्ट्यांचे जाळे आणि कवच यांत पोकळी ठेवलेली असते. आमच्या दोघातिघांनी तिथे तंबाखूच्या पुड्या ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मुकादमाला रोज सकाळी हेल्मेट उलटे करून पाहावे लागले. मे महिन्याच्या उन्हात कपाळावरची घामपट्टी मात्र कडक झाली, आणि ती सुटी मिळत नाही, नवे हेल्मेटच घ्या, असे दुकानदाराने सांगितले. पोलादी टोपणाचे बूट ठीक आहेत.

खरी निराशा मास्कने केली. बिलावर एफएफपी २ असा बारीक धूळ गाळणाऱ्या मास्कचा दर्जा लिहिला होता, पण खोक्यावर आयएस ९४७३ या मास्कच्या मानकाचा कुठेच उल्लेख नव्हता, आणि हे माल उतरवून घेताना मी पाहिले नाही, ही माझी चूक. क्रशरच्या जबड्याजवळच्या माणसाने दुपारी मास्क काढला, तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांपर्यंत धुळीच्या करड्या रेघा उतरल्या होत्या. म्हणजे हवा कापडातून न गाळता कडेनेच आत जात होती. दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही, हे ठाऊक असताना दुकानदाराने माल परत घेण्यास नकार दिला, याचा राग अजून आहे.

‘एवढे घेतले की तपासणीची काळजी नको,’ असेही तो म्हणाला होता. पण नुसत्या साहित्याने भागत नाही, खदानीची भिंत कापताना टप्प्याटप्प्याने पायऱ्याही सोडाव्या लागतात. १९६१ च्या खाण विनियमांनुसार मुरमातल्या पायरीची उंची १.५ मीटरपेक्षा आणि टणक दगडातल्या पायरीची ६ मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पायऱ्याच सोडल्या नसतील, तर वरून सुटलेल्या दरडीपुढे कोणते हेल्मेट टिकणार?

पुढे क्रशरच्या जबड्यावर पाण्याचे फवारे बसवले आणि दुसरीकडून क्रमांक तपासून झडपेचे मास्क आणले. आता रेघा दिसत नाहीत, फक्त एकाच्या चेहऱ्यावर दिसतात, कारण दाढीमुळे मास्क गालाला चिकटत नाही. त्याच्याशी बोलणी चालू आहेत.