किनारवाट की घाटवाट : ठाण्याहून पाच दिवसांच्या प्रवासासाठी दोन मार्गांची तुलना

ठाणे किंवा नवी मुंबईतून निघून पाच दिवसांत डोंगर, समुद्रातला किल्ला आणि इतिहासाचा वारसा असलेले शहर या तिन्ही गोष्टी पाहायच्या असतील, तर विचारात घेण्याजोगे मार्ग दोनच उरतात. पहिला अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वर, हर्णै असा किनाऱ्याने दक्षिणेकडे जाऊन रायगडमार्गे परत येतो. त्याला येथे किनारवाट म्हटले आहे. दुसरा कोल्हापूर आणि पन्हाळा पाहून गगनबावड्याजवळ घाट उतरतो आणि मालवणला समुद्राशी पोहोचतो; ती घाटवाट. वेरूळ आणि दौलताबादचा पर्याय आमच्या घरच्या चर्चेतही निघाला होता, परंतु तेथे समुद्र नसल्यामुळे तो पहिल्याच संध्याकाळी बाजूला पडला.

निवड करताना बहुतेकजण किलोमीटर मोजतात. माझ्या मते आधी होड्या मोजाव्यात. अशा प्रवासात रस्ता उशिरा का होईना पण पोहोचवतो आणि शहर जागचे हलत नाही. बेटावर जाणे मात्र वारा, भरती-ओहोटी आणि होडीवाल्याचा अंदाज यांवर अवलंबून असते. म्हणून कोणत्या मार्गावर बेट गाठण्याच्या किती संधी मिळतात, हा पहिला प्रश्न असावा.

किनारवाटेवर त्या तीन मिळतात. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी चालत गाठता येतो; मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते; आणि हर्णैहून सुवर्णदुर्गाला होड्या जातात. यांपैकी सुवर्णदुर्ग हा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांपैकी एक आहे. जंजिरा त्या यादीत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण तो सिद्दींचा किल्ला. छत्रपती शिवाजी महाराजांना आणि पुढे संभाजी महाराजांनाही तो जिंकता आला नाही. घाटवाटेवर खऱ्या अर्थाने एकच बेट आहे, ते म्हणजे मालवणसमोरचे कुरटे बेट आणि त्यावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग. तेथून उत्तरेला असलेला विजयदुर्ग जमिनीला जोडलेला असल्यामुळे पायी पाहता येतो, परंतु मालवणहून तेथे जाऊन परत यायचे म्हटले तर हाताशी असलेला दिवस त्यातच खर्च होतो.

हा फरक आम्ही अनुभवाने शिकलो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी पाचजणांची मंडळी किनारवाटेने निघालो होतो. राजपुरीला पोहोचलो तेव्हा वारा इतका होता की होड्या सोडणे थांबवले होते, आणि हरिहरेश्वरच्या खोल्यांचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे दुपारी एकपर्यंत वाट पाहून आम्हाला पुढे निघावे लागले. मुलांचे चेहरे पडले. परंतु चौथ्या दिवशी सकाळी सुवर्णदुर्ग झाला आणि प्रवासाची कसर भरून निघाली. घाटवाटेवर असाच वारा चौथ्या दिवशी मालवणला लागला असता, तर सिंधुदुर्ग किनाऱ्यावरूनच पाहून परतावे लागले असते.

तरीही बेटाचा अनुभव म्हणून एकास एक तुलना केली, तर सिंधुदुर्गाचे पारडे जड आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडी थोड्याच वेळात पोहोचते. महादरवाजा तटबंदीच्या वळणात असा दडवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांच्या या किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात, आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिरही येथेच आहे. जंजिऱ्यावर कलाल बांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे विस्तीर्ण तलाव पाहण्यासारखे आहेत, मात्र होडीवाले ठरावीक वेळच थांबतात, आणि आम्हाला मिळालेल्या माहितीनुसार हेलकावणाऱ्या होडीतून दरवाज्याच्या पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो, जे गुडघेदुखी असलेल्या माणसाला जड जाते. सुवर्णदुर्गावर तर सावली, पाणी, खाणे यांपैकी काहीच नाही. तेथे जाताना सगळे बरोबर न्यावे लागते आणि उतरताना पाय ओले होतात हे गृहीत धरावे.

कुलाबा किल्ल्यासाठी कोकणातील जुना ठोकताळा उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते. चतुर्थीला दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती असते, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास पाणी ओसरलेले असते आणि ठाण्याहून पहाटे निघालेल्याला ती वेळ नेमकी साधते. अष्टमीला हिशेबाप्रमाणे ओहोटी भर दुपारी येते, परंतु त्या दिवसांत भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असल्यामुळे पाणी पुरेसे हटेलच असे नाही. हा केवळ अंदाज आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.

शहराच्या बाबतीत घाटवाट निर्विवाद पुढे आहे. कोल्हापूर हे वापरात असलेले, बोलणारे, जेवणारे ऐतिहासिक शहर आहे. अंबाबाईचे मंदिर, रंकाळा, १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडा आणि त्यातील संग्रहालय, खासबागचे कुस्तीचे मैदान ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतात, आणि १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या खुणा शहरभर भेटतात. दुसऱ्या दिवशी सुमारे वीस किलोमीटरवरील पन्हाळा करावा. तीन दरवाजा, धान्याची अंबारखाने आणि सज्जाकोठी पाहून झाल्यावर, १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज ज्या बाजूने विशाळगडाकडे निघाले त्या दिशेला थोडा वेळ नुसते पाहत बसावे. पावसाळी ढग असतील तर फारच चांगले. तांबडा आणि पांढरा रस्सा हा येथे वेगळ्या परिच्छेदाचा विषय होऊ शकतो, परंतु आमच्या घरात दोघे शाकाहारी असल्यामुळे मिसळीवरच अधिक मतभेद झाले.

किनारवाटेवर असे नांदते शहर नाही. अलिबागहून मुरूडकडे जाताना लागणारे चौल हे एके काळचे मोठे बंदर. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन भारतात उतरला तो येथेच. पुढे पोर्तुगीजांनी शेजारच्या रेवदंड्याला तटबंदी उभारली आणि १७४० मध्ये तो प्रदेश मराठ्यांकडे आला. आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्यांत पडके तट, चर्चच्या भिंती आणि रामेश्वराचे मंदिर दिसते. समोरच्या कोर्लई गावात पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलली जाते. ज्याला अवशेषांवरून शहर मनात उभे करणे आवडते त्याला हा अर्धा दिवस कोल्हापूरइतकाच मोलाचा वाटेल. मुलांना मात्र तेथे एका तासात कंटाळा येतो, हे नमूद केले पाहिजे. शहराची उणीव शेवटच्या दिवशी रायगड भरून काढतो. ६ जून १६७४ रोजी जेथे राज्याभिषेक झाला ती राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी हे सर्व पाहण्यास चार तास हवेत. रोपवे असल्यामुळे आईला वर नेता आले, परंतु सुट्टीच्या दिवशी तेथील रांगच दीड-दोन तास खाते.

डोंगराळ मुलुखाचे म्हणाल, तर दोन्ही मार्ग तुल्यबळ आहेत. रायगडचा कडा एका जागी उभे राहून पाहायचा. गगनबावड्याहून उतरणारा करूळ किंवा भुईबावडा घाट चालत्या गाडीतून पाहायचा. दरडी आणि दुरुस्तीमुळे हे घाट अधूनमधून बंद असतात. तसे झाल्यास राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट हा पर्याय धरावा, जो झाडीच्या दृष्टीने मला अधिक आवडतो.

आता वाहनाचा प्रश्न. किनारवाट स्वतःच्या गाडीशिवाय नीट जमत नाही. आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेसवी या दोन खाड्या गाडीसह फेरीबोटीने ओलांडता येतात. पहिली चुकली तर तळा-म्हसळ्याकडून मोठा वळसा पडतो. रोजचे अंतर कमी असले तरी रस्ते अरुंद आहेत, त्यामुळे शंभर किलोमीटरला साडेतीन तास धरणेच शहाणपणाचे. चारही मुक्काम वेगवेगळ्या गावी होत असल्याने रोज सकाळी बॅगा भराव्या लागतात, हा या मार्गाचा खरा दोष आहे. परतीला वाकणहून पाली-खोपोलीमार्गे द्रुतगती मार्गाला लागावे.

घाटवाट मात्र रेल्वेने करता येते, आणि तशीच करावी असे माझे ठाम मत आहे. गाडीने गेल्यास ठाण्याहून कोल्हापूर सुमारे पावणेचारशे किलोमीटर आणि परतताना मालवणहून पावणेपाचशेच्या आसपास, म्हणजे पाचांपैकी दोन दिवस महामार्गावर. त्याऐवजी कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी कोल्हापूरला उतरावे, दोन रात्री तेथे राहावे, घाट उतरण्यापुरती भाड्याची गाडी करावी, दोन रात्री मालवण किंवा तारकर्लीला काढाव्यात आणि कुडाळ किंवा कणकवलीहून कोकण रेल्वेने ठाण्याला किंवा पनवेलला उतरावे. मुक्कामाची गावे दोनच, आणि गाडी चालवणाऱ्यालाही खिडकीबाहेर पाहता येते.

म्हणून लहान मुले असतील, गाडी घरची असेल आणि बेट हेच मुख्य आकर्षण असेल, तर किनारवाट धरावी. वयस्कर माणसे बरोबर असतील किंवा कोल्हापूर आजवर पाहिले नसेल, तर घाटवाट. चारच दिवस मिळत असतील तर घाटवाटेचा विचार सोडावा. किनारवाट हर्णै वगळून हरिहरेश्वरहून थेट रायगडकडे वळवता येते, घाटवाट तशी मधूनच तोडता येत नाही. जून ते ऑगस्ट या काळात समुद्रातल्या किल्ल्यांच्या होड्या बंद असल्यामुळे दोन्ही मार्गांचा अर्धा अर्थ निघून जातो. नाताळच्या आठवड्यात अलिबाग-मुरूड पट्ट्यात खोल्या महागतात आणि फेरीबोटीला गाड्यांच्या रांगा लागतात, म्हणून डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा उत्तरार्ध निवडावा. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. कुडाळहून परतीच्या जागा आधी भरतात, तेव्हा ते तिकीट हाती आल्यावरच कोल्हापूरची खोली ठरवावी.